मीटरच्या पुढचं आमचं नाही म्हणणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
उपविभागाचे अभियंता साहेब, त्यांच्या वरचे साहेब, आणि गावोगावचे सरपंच-ग्रामसेवक (तुमच्यासाठीही आहे यात, मधातच पत्र सोडू नका)

विषय: जुन्या घरांची अर्थिंग आणि तुमचं चार ओळींचं उत्तर

रामराम साहेब,

आमच्या गावानं तुमच्या ऑफिसात अर्ज दिला होता, अर्ध्या गावाच्या सह्या आणि अंगठे होते त्यावर. मागणी एवढीच की नवीन मीटर बसवताना ज्या घरची अर्थिंगची तार (बिघाडाचा करंट जमिनीत उतरवणारी) कापली गेली ती परत जोडून द्या, आणि ती खरंच जमिनीला लागते का ते मोजून द्या. उत्तर आलं की मीटरच्या पुढची वायरिंग आणि अर्थिंग ही ग्राहकाची जबाबदारी, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. अर्ज निघाला निकाली, पण घरातल्या कुलरच्या पत्र्याला करंट येते ते कुठं निकाली निघालं? म्हणून हे पत्र उघड्यावर लिहून राहिलो. तुम्ही वाचाल न वाचाल, लोकं तरी वाचतील.

मी कोण ते सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मोटर रिवायंडिंग आणि कुलर दुरुस्तीचं दुकान आहे माझं, आयटीआयला वायरमन ट्रेड केला आणि तेव्हापासून हेच काम. होळी झाली की दुकानासमोर कुलरची रांग लागते. विदर्भात कुलर म्हणजे चैन नाही हे तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याही ऑफिसच्या खिडकीला लागलाच आहे. पारा ४५ च्या वर गेला की टिनाच्या घरात लेकरू झोपत नाही. तर दुकानात येणाऱ्या कुलरपैकी कित्येक असे की आणणारा माणूस सांगतो, "थोडं थोडं करंट मारते भाऊ, बाकी हवा मस्त फेकते." तक्रार पंख्याची असते, पंपाची असते, करंटची नसतेच! ते लोकांना चालते. झिणझिण्या येतात तर रबरी चप्पल घालून पाणी भरा, हा सल्ला घरोघरी ऐकायला मिळेल.

आता हे का होते ते दोन शब्दात सांगतो, तुम्हाला माहीतच आहे पण वाचणाऱ्या सगळ्यांना नसते. कुलर म्हणजे लोखंडी पत्र्याची पेटी, खाली पाणी, पाण्यात पंप, तीन बाजूंनी ओल्या ताट्या. पंपाची वायर पत्र्याच्या धारेवर घासून घासून इन्सुलेशन गेलं की फेज (करंट आणणारी वायर) बॉडीला लागतो. अर्थिंग धड असली आणि पुढं ट्रिप होणारं यंत्र असलं तर तिथंच लाइन बंद पडते. नसली तर ती पेटी २३० व्होल्टवर गुपचूप उभी राहते, कुलर चालूच, हवा चालूच, कोणाला काहीच कळत नाही. मग कोणीतरी ओल्या हातानं, शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून बादलीनं पाणी भरायला जाते. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स ढोबळ १००० ओहम धरा, म्हणजे २३० मिलिअँपिअर अंगातून जाणार. हृदयाची लय बिघडायला याच्या कितीतरी कमी पुरतो, म्हणून तर घरासाठीची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन पाडणारं यंत्र) ३० मिलिअँपिअरची ठेवतात. देशात करंट लागून मरणाऱ्यांचा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात दरवर्षी १० हजारांच्या वर दिसते, आणि त्यात फक्त तुटलेल्या तारा आणि आकडे टाकणारे नाहीत, घरात मेलेलेही आहेत.

आता आमच्याकडची जुनी घरं पाहा. लाकडी बॅटनपट्टी, तिच्यावर क्लिपा, आणि दोनच वायरी. तिसरी वायर कधी टाकलीच नाही, कारण लाइट आली तेव्हा घरात एक बल्ब होता आणि फार झालं तर रेडिओ. पुढं टीव्ही आला, मिक्सर आला, कुलर आला, फ्रीज आला, पाण्याची मोटर आली, वायरी मात्र दोनच्या दोन. बोर्डावर थ्री पिन सॉकेट दिसते पण वरच्या मोठ्या होलाच्या मागं काहीच जोडलेलं नाही. थ्री पिन टॉपची अर्थची पिन लांब आणि जाड कायले ठेवली, तर प्लग घालताना अर्थ आधी जुळावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून. आमच्याकडे ती पिनच मोडून टाकतात, टू पिन सॉकेटात जात नाही म्हणून. नाहीतर टॉपच नाही, दोन वायरी छिलून होलात घालायच्या आणि काडेपेटीची काडी खोचायची. काही हुशार वायरमननी तर सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या वायरीला) जोडून दिली आहे, टेस्ट केलं तर सगळं बरोबर दिसते, आणि ज्या दिवशी न्यूट्रल कुठं तुटतो त्या दिवशी अशा सॉकेटाला लावलेल्या प्रत्येक लोखंडी वस्तूत फेज येतो.

आणि ज्या घरी पहिलेपासून अर्थिंग होती तिथं ती बहुतेक नळाला बांधलेली. लोखंडी पाइप, जमिनीत लांबवर गेलेला, चालून जायचं. मग २०१९ नंतर जलजीवनची कामं निघाली, गावोगाव प्लास्टिकचे पाइप पडले, जुना पाइप तुटला किंवा भंगारात गेला, आणि अर्थिंगची तार अंगणातल्या एका तुकड्याला बांधलेली तशीच राहिली. सरपंच साहेब, ग्रामसेवक साहेब, हे तुमच्यासाठी. पाइप बदलला ते चांगलंच केलं, पाणी आलं, पण त्या पाइपला कोणाकोणाची अर्थिंग बांधलेली होती हे एकाही ठिकाणी कोणी पाहिलं नाही, दवंडी तरी द्यायची होती.

माझ्या सख्ख्या वहिनीच्या घरी हेच होतं. मागच्या उन्हाळ्यात चालू कुलरमध्ये पाणी टाकताना तिचा हात पत्र्याला चिकटला. पुतण्या शहाणा निघाला, तिला हात न लावता आधी सॉकेटातल्या वायरी ओढल्या त्यानं. वहिनी वाचली, तळहातावर जळाल्याचा डाग आहे, आणि अजूनही कुलरजवळ जात नाही, पाणी भाऊच भरते. कुलर मी उघडला, पंपाची वायर घासलेली होती हे खरं, तो कुलरचाच दोष, नाकारत नाही. पण अर्थिंग तपासली तर तार त्या तुटक्या लोखंडी तुकड्याला, जो वीतभर मातीत होता, ती पण काळी माती, मे महिन्यातली, भेगा इतक्या की हात जाईल. फ्यूज उडाला नाही. उडणारच नव्हता.

का उडणार नव्हता ते समजून घ्या, कारण इथंच तुमचं उत्तर फसते. खेड्यात न्यूट्रल डीपीपाशी (गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी) जमिनीत गाडलेला असतो आणि घरची अर्थिंग घरापाशी खड्ड्यात. म्हणजे फॉल्टचा करंट घरच्या खड्ड्यातून मातीत उतरून मातीतूनच डीपीपर्यंत परत जाणार. घरच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स उन्हाळ्यात ५० ओहम असला आणि डीपीचा १०, तर २३० भागिले ६०, चार अँपिअरही होत नाही. एवढ्यावर ५ अँपिअरचा फ्यूज हलत नाही, १६ च्या एमसीबीचं (जास्त करंट झाला की पडणाऱ्या स्विचचं) तर नावच नको, आणि कुलरच्या बॉडीवर १९० च्या आसपास व्होल्ट तसेच उभे. पावसाळ्यात हाच खड्डा बरा चालतो, माती ओली असते. कुलर लागते उन्हाळ्यात, आणि आमची कापसाची काळी माती नेमकी तेव्हाच सुकून फाटते, खड्ड्यातल्या पाइपापासून सुटून जाते. म्हणजे जेव्हा अर्थिंगचं काम सगळ्यात जास्त तेव्हाच ती सगळ्यात कमजोर.

तुमचे लाइनमन येतात तेव्हा काय करतात, तर १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावून पाहतात. लखलखीत पेटला की "ओके आहे" म्हणून जातात. अहो त्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही, खड्डा ५० ओहमचा असला तरी तो बल्ब फुल पेटलेलाच दिसणार. मंद पेटला तर अर्थिंग खराब हे नक्की समजते, पण चांगला पेटला म्हणजे चांगली आहे असं अजिबात नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर असते, तुमच्या ऑफिसच्या कपाटात असेलच. लाइनमनवर माझा राग नाही, एका माणसाकडे इतकी गावं, पावसात खांबावर चढणारा तोच, त्याला टेस्टर दिलं नाही तर तो बल्बच लावणार.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली, मीटरची. ठेकेदाराचे पोट्टे आले, घरातलं जुनं मीटर काढलं, नवीन बाहेरच्या भिंतीवर लावलं. जुन्या लाकडी पाटीवर मेन स्विचच्या बॉडीला जी अर्थिंगची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार होती ती कटरनं तोडली आणि भिंतीवरच लोंबकळत ठेवली. विचारलं तर म्हणाले, "ते आमच्या कामात नाही काका, आम्हाला फक्त मीटरचे पैसे भेटतात." पोट्ट्यांना काय बोलणार, त्यांना जेवढं सांगितलं तेवढं केलं. पण ज्यानं कामाचा कागद बनवला त्यानं त्यात एक ओळ टाकायची होती की असलेली अर्थिंग पुन्हा जोडून द्यावी. एक ओळ! ज्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी तीस-चाळीस वर्षांपासून बरीवाईट अर्थिंग होती तीही तुम्ही काढून नेली, आणि बिल मात्र दर महिन्याला बरोबर येते.

दुसरी, तुमचं उत्तर, आणि या पत्राचं खरं कारण हेच. मीटरच्या पुढं ग्राहक, हे घरातल्या वायरिंगबद्दल बरोबर आहे, आम्ही मान्य करतो, तिसरी वायर फिरवणं आमचं काम, तिचा खर्च आमचा. पण अर्थ टर्मिनल हे मीटरच्या पुढचं नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ३३ वा नियम काढून पाहा. पुरवठा करणाऱ्यानं ग्राहकाच्या जागेत, पुरवठा जिथून सुरू होतो तिथं किंवा त्याच्या जवळ, हाताशी येईल अशा जागी योग्य अर्थ टर्मिनल द्यायचं आणि ते सांभाळायचं. द्यायचं आणि सांभाळायचं, दोन्ही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा नियम आले त्यात १६ क्रमांकाला हीच गोष्ट आहे, २०२३ ला ते नियम नव्यानं आले त्यातही ती काढलेली नाही. खर्च ग्राहकाकडून घ्यायची सोय तुम्हाला आहे, घ्या ना, कोणी नाही म्हटलं. ग्राहकानं ते टर्मिनल तोडू नये हेही लिहिलं आहे, तेही बरोबर. इथं तोडलं कोणी ते वर सांगितलंच. आमच्या गावात असं टर्मिनल एकाही मीटरपाशी दाखवून द्या, मी दुकान बंद ठेवून तुमच्या मागं गावभर फिरतो.

तिसरी, डीपी. आमच्या डीपीच्या पेटीला दार नाही, आत किटकॅटच्या (फ्यूजच्या) जागी नुसती तार बांधलेली, आणि न्यूट्रलच्या अर्थिंगची पट्टी जमिनीजवळ गंजून सुटलेली आहे. घरची अर्थिंग कितीही चांगली केली तरी करंट परत जाणार या डीपीच्याच खड्ड्यातून, तिथंच पट्टी सुटली तर आमच्या खड्ड्याचं लोणचं घालायचं का? आणि न्यूट्रल डळमळीत झाला की काही घरात व्होल्टेज इतकं वाढते की टीव्ही-फ्रीज जळतात, आणि काही घरात बल्ब लालसुद्धा होत नाही. मग लोकं काय करतात, न्यूट्रल नाही तर अर्थिंगवर लाइट चालवतात, तार सरळ हातपंपाला नाहीतर बोअरच्या केसिंगला. त्याच हातपंपावर सकाळी बायका पाणी भरतात. हे चूकच आहे, मी दुकानात येईल त्याला भांडून सांगतो, पण फोन करूनही तक्रार पडून राहिली आणि रात्रीच्या वेळी घरात अंधार, लेकराची परीक्षा, असं असलं की माणूस हे करते, आणि हे तुम्हालाही माहीत आहे.

टेस्ट रिपोर्टबद्दल जास्त बोलत नाही. नवीन कनेक्शनला लायसन्सवाल्या ठेकेदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागते. आमच्याकडे तो घर न पाहता मिळते. कोणाला किती द्यावे लागतात ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तुम्हालाच नसेल तर विचारून घ्या.

आरसीसीबीचंही तसंच. नियमात घरगुती कनेक्शनला ३० मिलिअँपिअरच्या आत ट्रिप होणारं संरक्षण लिहिलेलं आहे, पण लहान लोडच्या कनेक्शनला त्यातून सूट. म्हणजे एसी असलेल्या बंगल्याला सक्ती आणि ज्या घरी दोन बल्ब, एक पंखा आणि गंजका कुलर, जिथं खरा धोका, त्याला सूट. हा नियम तुम्ही केला नाही, मान्य. पण सूट आहे म्हणजे बसवायला मनाई नाही ना. चांगल्या कंपनीची आरसीसीबी दीड-दोन हजारात येते, आणि ती लागली की खराब खड्ड्यावरही काम होते, ५० नाही ५०० ओहम असला तरी ३० मिलिअँपिअरला बॉडीवर फक्त १५ व्होल्ट चढतात आणि लाइन पडते. एमसीबी वेगळी, आरसीसीबी वेगळी, एमसीबी माणसाला वाचवायसाठी नाहीच, हे गावात कोणी सांगत नाही. घरकुलाच्या मूळ १ लाख २० हजारात लोकं टाइल्स लावतात पण खड्डा करत नाहीत, कारण टाइल्स दिसतात. सरपंच साहेब, शेवटचा हप्ता काढायच्या आधी संडास झाला का ते फोटो काढून पाहता, तसा अर्थिंगचा खड्डाही पाहायला काय लागते?

आणि शेवटची तक्रार, अपघात झाल्यावरची. वहिनीला शॉक लागला तेव्हा लाइनमन येऊन पाहून गेला आणि म्हणाला कुलर खराब आहे, बस. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १६१ आहे, विजेच्या पुरवठ्यात किंवा वापरात अपघात होऊन जीव गेला, इजा झाली, किंवा होता होता वाचलं, तर विद्युत निरीक्षकाला कळवायचं. आमच्या भागात निरीक्षक येऊन कोणाच्या घरची अर्थिंग मोजून गेले असं मी तरी पाहिलं नाही. माणूस मेला तरी कागदावर "ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे" असं लिहून मोकळे. ज्याच्या घरचा माणूस गेला तो तेराव्यापर्यंत काही बोलत नाही, आणि नंतर त्याला हे कलम-बिलम माहीत नसते.

आता आमच्या मागण्या. मोठ्या नाहीत.

१) मीटर बदलताना जिथं जिथं अर्थिंगची तार तोडली तिथं ती होळीच्या आधी जोडून द्या, ठेकेदाराच्या खर्चानं.

२) प्रत्येक नवीन मीटरपाशी अर्थ टर्मिनल द्या, नियमात आहे तसं. पैसे लागत असतील तर रक्कम लिहून द्या आणि बिलात हप्त्यानं लावा.

३) डीपीची अर्थिंग दरवर्षी मार्चमध्ये अर्थ टेस्टरनं मोजा आणि किती ओहम आली, कोणत्या तारखेला मोजली, ते डीपीच्या पेटीवर पेंटनं लिहा. पेटीला दार लावा.

४) ज्याला घरची अर्थिंग मोजून पाहिजे त्याला फी घेऊन मोजून द्या आणि कागद द्या. बल्ब लावून नाही.

५) ग्रामपंचायतीनं नळाला बांधलेल्या अर्थिंगची घरं शोधून यादी करावी. आशाताई आणि रोजगारसेवक घरोघरी जातातच, एक रकाना वाढवा. गरीब घरांना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी ग्रामपंचायत आपल्या निधीतून देऊ शकते का हे ग्रामसभेत ठेवा.

६) "मीटरच्या पुढे" हे उत्तर मागं घ्या, किंवा वरचा नियम लागू नाही असं तुमच्या सहीनं लेखी द्या. दोन्हीपैकी एक. लेखी आलं तर ते घेऊन आम्ही विद्युत निरीक्षकांकडे जाऊ, त्यात तुमच्यावर वैयक्तिक राग काही नाही.

माझ्याकडून एवढं सांगतो की ज्या घरी तिसरी वायर टाकायची असेल तिथं मी मजुरी घेणार नाही, वायर आणि पाइप त्यांनी आणावा. जीआय पाइप अडीच मीटरचा, आत ३८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आणि उभा गाडायचा, आडवा नाही. खड्डा खणायला आमचे पोट्टे येतील. तुमच्याकडून मीटरपाशी एक टर्मिनल आणि डीपीपाशी एक धड पट्टी पाहिजे.

पुढची ग्रामसभा लागली की सरपंच तुम्हाला पत्र देतील. स्वतः आले तर चांगलं, नाहीतर टेस्टर घेऊन ज्युनिअर साहेबांना पाठवा.

आपला,
एक ग्राहक आणि कुलर मेकॅनिक
यवतमाळ जिल्हा

ता. क. हे साहेबांसाठी नाही, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. टर्मिनल येईल तेव्हा येईल, तोपर्यंत कुलरमध्ये पाणी टाकायच्या आधी नुसतं बटन बंद करू नका, प्लग ओढून बाहेर काढा, जुन्या बोर्डात बटन कित्येकदा फेजवर नसून न्यूट्रलवर असते आणि मग बटन बंद असलं तरी आत फेज चालूच राहतो. टिनाच्या छताला बांधलेल्या लोखंडी तारेवर कपडे वाळत घालू नका, दोरी बांधा. खड्ड्यात रोज संध्याकाळी बादलीभर पाणी टाका. आणि कोणाला करंट धरला असला तर त्याला हात लावू नका, आधी लाइन बंद करा.